चार वेळा गॅस भरला, आता म्हणतात वॉरंटी संपली

ओट्यापाशी | १४ जून २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. लांबड लागणार आहे, कारण अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट मिळतात.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या गुढीपाडव्याला आम्ही नाशिकमधल्या एका मोठ्या दुकानातून नवा फ्रीज घेतला. डबल डोअर, इन्व्हर्टरवाला, ३१,५०० रुपये. जुना फ्रीज एक्स्चेंजमध्ये दिला (बावीस वर्षं चालला होता बिचारा, आईचा जीव तुटत होता). कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच प्रतिसाद उडायला नकोत.

सप्टेंबरात एका सकाळी पातेलंभर दूध नासलेलं. खालचा कप्पा कोमट, मोटर मात्र अखंड घुरघुरतेय. तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. त्याने फ्रीझरच्या आतलं प्लास्टिकचं पॅनल उघडलं तेव्हा मी मागेच उभी होते. आतल्या जाळीच्या एकाच कोपऱ्यात, डावीकडे वर, मूठभर बर्फ. बाकी सगळी जाळी कोरडी. मी मोबाईलवर फोटो काढला, का ते मलाही माहीत नाही. तो म्हणाला "कार्ड गेलंय" आणि मागचं सर्किट बदललं. आठवड्यात परत तेच.

दुसरा आला. "गॅस कमी झालाय." गॅस भरला. नोव्हेंबरात परत. "मागच्याने कमी भरला असेल." भरला. जानेवारीत परत, भरला. मार्चच्या शेवटी परत, भरला आणि सोबत "फिल्टर पण नवीन टाकला, आता टेन्शन नाही" असं आश्वासन. दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगा.

आता जूनमध्ये पुन्हा दूध नासलं. फोन केला तर म्हणे एप्रिलमध्ये वॉरंटी संपली, गॅस चार्जिंगचे ३,२०० रुपये पडतील. मी म्हटलं, अहो, वर्षभर हीच तक्रार चालू आहे. त्यावर ती मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये तुमची एकही तक्रार प्रलंबित दिसत नाही. पाचही तक्रारींचं समाधानकारक निवारण झालेलं आहे."

दारावर हा एवढा मोठा स्टिकर आहे: १० वर्षे वॉरंटी. तो कशाचा मग?

आणखी एक गोची. कार्डावर सूट होती म्हणून बिल धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या नावावर आहे. फ्रीज आमच्या घरी, वापरतो आम्ही. मला तक्रार तरी करता येईल का?

---

कडीपत्ता | १४ जून, रात्री ११.०२

दहा वर्षं फक्त कॉम्प्रेसरची असतात. स्टिकरच्या खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं बघ. आमच्याकडे कॉम्प्रेसर गेला तेव्हा कॉम्प्रेसर फुकट दिला. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचे मिळून साडेचार हजार घेतले.

---

शेवटची लोकल | १४ जून, रात्री ११.१५

वाचतोय. आमचा टीव्ही याच मार्गाने गेला.

---

टेस्टर | १५ जून, सकाळी ७.१०

ताई, मी या लाइनमध्ये अठरा वर्षं आहे. आधी एका कंपनीच्या सर्व्हिसला होतो, आता स्वतःचं दुकान आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. फ्रीजमधला गॅस संपत नसतो. तो काही स्कूटरचं पेट्रोल नाही. कारखान्यात पाइप सील करून एकदा भरला की तोच गॅस वीस-वीस वर्षं फिरत राहतो, तुमच्या आईंच्या जुन्या फ्रीजमध्ये फिरला तसा. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं. तुमच्याकडे चार वेळा हवा भरली.

दुसरी. तुम्ही सांगितलेला तो कोपऱ्यातला बर्फ, तो फोटो जपून ठेवा. गॅस पुरेसा असेल तर सगळ्या कॉइलवर सारखा दंव धरतो. गॅस कमी असला की जिथून तो आत शिरतो तेवढाच भाग गार होतो आणि पुढची कॉइल कोरडी राहते. म्हणजे पहिल्या दिवशी, कार्ड बदलायच्या आधीच, लीक दिसत होतं. त्या मुलाला ते कळलं नाही किंवा त्याच्याकडे त्या दिवशी फक्त कार्डच होतं. असंही घडतं, खोटं बोलत नाही.

हल्लीच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए गॅस असतो. आयसोब्युटेन, लायटरमधल्या गॅसचा भाऊबंद. पूर्ण फ्रीजला लागतो पन्नास-साठ ग्रॅम. किती ते फ्रीजच्या आत किंवा मागे पट्टीवर छापलेलं असतं. एवढ्याशा गॅसमध्ये पाच-दहा ग्रॅमचा फरकही कळतो, म्हणून डिजिटल काट्यावर मोजून भरायचा असतो. तुमच्याकडे कुणी काटा आणला होता का? व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास तरी चालवला का? पाइप उघडला की दर वेळी फिल्टर बदलायचा असतो, चौथ्या वेळी नव्हे.

शिवाय या गॅसमध्ये एक खोड आहे. फ्रीझरच्या बाजूचं प्रेशर चालू असताना बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतं. लीक त्या बाजूला असेल तर गॅस बाहेर यायच्या ऐवजी हवा आणि ओल आत ओढली जाते. ती ओल कॅपिलरीच्या (गॅस आत सोडणाऱ्या बारीक नळीच्या) तोंडाशी गोठते आणि लाइन चोक होते. म्हणून मधेच चालतो, मधेच बंद पडतो.

खरी पद्धत अशी: गॅस काढायचा, नायट्रोजन भरून प्रेशर लावायचं, हाय साइड आणि लो साइड (जास्त दाबाची आणि कमी दाबाची बाजू) वेगळी करून तपासायची, कुठलं प्रेशर उतरतंय ते बघायचं, दिसणाऱ्या जोडांना साबणाचा फेस लावायचा. बाहेरच्या जोडात लीक असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. पण पाइप बॉडीच्या आत, फोममध्ये लीक असेल तर ('बॉडी लीक' म्हणतो आम्ही) तो नीट दुरुस्त होतच नाही. बाहेरून वेगळा कंडेन्सर लावून तेवढा भाग टाळता येतो, पण तो जुगाड. नव्या फ्रीजला जुगाड का करायचा? तिथे फ्रीज बदलूनच द्यायचा असतो. कंपनीलाही हे माहीत असतं. बदलून द्यायला वरची मंजुरी लागते, गॅस भरायला लागत नाही.

---

ओट्यापाशी | १५ जून, सकाळी ९.३५

टेस्टरदादा, डोळे उघडले. काटा कुणीच आणला नाही. एक जण पाइपला हात लावून "हां, आता बरोबर" म्हणाला होता. आणि जानेवारीत आलेल्याने ओट्याशेजारी, घरगुती सिलिंडरपासून दोन हातांवर बसून टॉर्च पेटवून डाग दिला होता. आता तुमचं लायटरवालं वाक्य वाचून पोटात गोळा आला.

---

टेस्टर | १५ जून, सकाळी ९.५०

या गॅसच्या लाइनला आग लावून जोड करायचाच नसतो. दाबून बसवायचे जोड मिळतात त्यासाठी. देवाची कृपा समजा.

---

पायरी क्रमांक सात | १५ जून, दुपारी १.२०

टेस्टर यांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा आहे. मी कायद्याच्या बाजूने लिहिते. वकील नाही, पण दोन तक्रारी स्वतः चालवल्या आहेत, एक जिंकले, एक हरले. हरलेली जास्त शिकवून गेली.

बिलाचं आधी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७). पैसे देऊन वस्तू घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहक आहे. बहिणीच्या नवऱ्याकडून साध्या कागदावर संमती घे, म्हणजे समोरच्या वकिलाला त्या मुद्द्यावर वेळ काढता येणार नाही. किंवा दोघं मिळून तक्रारदार व्हा.

वॉरंटी संपली हे उत्तर इथे चालत नाही. दोष वॉरंटीत असताना दिसला, वॉरंटीत असताना कळवला, आणि तो काढलाच गेला नाही. नवीन बिघाड झाला असता तर गोष्ट वेगळी. शिवाय दुरुस्ती हीसुद्धा स्वतंत्र 'सेवा' आहे. ती निष्काळजीपणे केली तर 'सेवेतील त्रुटी' वेगळी आणि 'सदोष वस्तू' वेगळी. तक्रारीत दोन्ही मांडायच्या. उद्या तज्ज्ञाने सांगितलं की उत्पादनात दोष सिद्ध होत नाही, तरी पाच फेऱ्यांत लीक न शोधणं शिल्लक राहतंच.

आता जिथे मी हरले ते सांगते. माझा लॅपटॉप होता. सात वेळा सर्व्हिस सेंटरला गेला. सातही जॉब शीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) माझी सही आणि सहीच्या वर छापील वाक्य: 'उपकरण चालू स्थितीत मिळाले, समाधानी आहे.' ती वाक्यं मी ग्राहक आयोगात पहिल्यांदा वाचली.

ओट्यापाशी, तुझ्याकडे जॉब शीट आहेत का? आणि ओटीपी कधी दिलेस?

---

ओट्यापाशी | १५ जून, दुपारी २.०५

हाच तर घोळ. गॅस भरला की फ्रीज गार व्हायला पाच-सहा तास लागतात. तो मुलगा पंधरा मिनिटांत निघायच्या घाईत. "मॅडम, ओटीपी सांगा, नाहीतर माझा कॉल ओपन राहतो, पगारातून कापतात." मला वाईट वाटायचं, मी द्यायचे. संध्याकाळपर्यंत ॲपवर 'तक्रार निवारण झाले, पाच तारे द्या' असा मेसेज. दोनदा तर मी चार तारे दिलेसुद्धा!

कागदी जॉब शीट दोनच मिळाल्या. एकीवर 'गॅस चार्ज, युनिट ओके'. दुसरीवर मजकूरच वाचता येत नाही, कार्बन कॉपी आहे.

---

कडीपत्ता | १५ जून, दुपारी २.११

चार तारे 😄

---

मधली सुट्टी | १५ जून, दुपारी ३.३०

माझं मत कटू आहे, चालेल तर घ्या. ३,२०० रुपये भरा किंवा टेस्टरसारख्या माणसाकडून दुरुस्त करून घ्या आणि विषय संपवा. मी ग्राहक मंचाच्या फेऱ्या मारलेल्या माणसाचा मुलगा आहे. बाबांनी एका मिक्सरसाठी तीन वर्षं तारखा काढल्या. मिळाले नऊशे रुपये. रिक्षाला जास्त गेले.

---

पायरी क्रमांक सात | १५ जून, दुपारी ४.००

तारखा पडतात हे खरं आहे, नाकारत नाही. कायद्यात लिहिलंय की तपासणी लागत नसेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेची तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. 'प्रयत्न' हा शब्द लक्षात ठेवायचा.

पण तुमच्या बाबांच्या काळापासून काही गोष्टी बदलल्या आहेत. १९८६ चा कायदा जाऊन २० जुलै २०२० पासून नवा लागू झाला आणि मंचाचा 'आयोग' झाला. आता जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की चेन्नईला. तक्रार ऑनलाइन दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मराठीत लिहिलेली तक्रार चालते. रिक्षाचे पैसे वाचतात एवढं तरी म्हणा.

आणि ओट्यापाशीने ३,२०० भरले तर पाचव्यांदा हवाच भरणार आहेत ते. टेस्टर यांचं वाचलं नाही का?

---

मधली सुट्टी | १५ जून, दुपारी ४.१२

वाचलं. मी फक्त मनस्तापाची किंमत सांगितली. ती कुठल्याच कलमात नसते.

---

पायरी क्रमांक सात | १५ जून, दुपारी ४.१५

असते की. 'शारीरिक व मानसिक त्रासापोटी' म्हणून निकालपत्रात वेगळा आकडा टाकतात. फार नसतो, ते मान्य.

---

बव्हेरियातला बटाटेवडा | १५ जून, संध्या. ६.४५

म्युनिकहून. इथे याच गोष्टीला एक आकडा आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. जर्मन दिवाणी संहितेत सरळ लिहिलंय: दुरुस्तीचे दोन प्रयत्न फसले की दुरुस्ती फसली असं सर्वसाधारणपणे धरायचं, मग ग्राहक व्यवहार मोडून पैसे मागू शकतो. जबाबदारीही कंपनीच्या आधी दुकानदाराची, आणि ती दोन वर्षं. कंपनी स्वतःहून देते ती गॅरंटी वेगळी, कायद्याने दुकानदारावर येते ती वेगळी. माझं वॉशिंग मशीन दुसऱ्या वेळी बिघडलं तेव्हा दुकानदाराला पत्र लिहिलं, तिसरी खेप आलीच नाही, पैसे आले. पत्र मात्र लिहावं लागतं. इथे पत्राशिवाय पानही हलत नाही.

भारतात असा 'दोनच' वगैरे नियम आहे का?

---

पायरी क्रमांक सात | १५ जून, संध्या. ७.२०

नाही. किती वेळा दुरुस्ती म्हणजे पुरे, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. म्हणून प्रत्येक फेरी सिद्ध करावी लागते आणि म्हणून मी जॉब शीटच्या मागे लागले आहे. कंपनीच्या नोंदीत ती एकाच फ्रीजची एक सलग कहाणी नसते. पाच वेगळे नंबर, पाच बंद झालेल्या तक्रारी, पाच समाधानी ग्राहक. ओटीपी दिला की आपण आपल्याच पुराव्यावर पाणी ओततो.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत नकार देणं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत नकार देणं, ही 'अनुचित व्यापारी प्रथा' धरली जाते. ओट्यापाशीच्या बाबतीत ती वेळ गेली. पण बाकीच्यांनी लक्षात ठेवा: नवी वस्तू पहिल्या महिन्यात बिघडली तर दुरुस्तीला हो म्हणायच्या आधी परत घ्या असं लेखी मागा. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलं म्हणून घाबरू नका.

---

हिशेबाची वही | १५ जून, रात्री ८.३०

माझा थोडा वेगळा प्रश्न. माझी छोटी खानावळ आहे, मी आणि बायको मिळून चालवतो. तिथल्या डीप फ्रीझरचं असंच झालंय. दुकानदार म्हणतो धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा नाही.

---

पायरी क्रमांक सात | १५ जून, रात्री ९.०५

अर्धं खरं सांगतोय. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्याबाहेर, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरत असाल तर तुम्ही ग्राहकच. तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की खानावळ नवरा-बायको स्वतः चालवतात आणि हेच उदरनिर्वाहाचं साधन आहे. हे वाक्य राहिलं म्हणून तक्रारी फेटाळल्या जातात.

---

शेवटची लोकल | १६ जून, सकाळी ८.१५

ऑनलाइन घेतलेल्या वस्तूंसाठी एक भर. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे प्रत्येक विक्री संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं. चॅटवरच्या यंत्रमानवाशी भांडत बसू नका, त्या अधिकाऱ्याचा ईमेल पानाच्या तळाशी असतो. मी टीव्हीच्या वेळी चॅटवरच बसलो होतो. एकवीस वेळा 'तुमची गैरसोय समजते' वाचलं.

---

ओट्यापाशी | १६ जून, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. आज काय केलं ते सांगते.

टेस्टरदादांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी शोधली. भाजीच्या ड्रॉवरच्या मागे होती. आर-६००ए, ५२ ग्रॅम. फोटो काढला. ॲपमधल्या पाचही तक्रारींच्या पानांचे स्क्रीनशॉट घेतले (तीन मिळाले, जुन्या दोन ॲपमधून गायब, पण त्यांचे एसएमएस सापडले). पहिल्या दिवसाचा कोपऱ्यातल्या बर्फाचा फोटोही सापडला, तारखेसकट. आता पुढे काय? सरळ आयोग?

---

पायरी क्रमांक सात | १७ जून, सकाळी ७.४०

जुने एसएमएस म्हणजे सोनं. आता क्रमाने.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. ते कोर्ट नाही, तुझी तक्रार कंपनीच्या वरच्या लोकांकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. पण कंपनी तिथे जे लेखी उत्तर देते ते फार कामाचं असतं. 'गॅस चार वेळा भरला होता' असं त्यांच्याच शब्दांत आलं तर तुझी अर्धी लढाई झाली.

दुसरं, टेस्टर म्हणाले त्या लीकच्या खुणा एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दाखवून घे. काही उघडायचं नाही, नाहीतर म्हणतील बाहेरच्या माणसाने हात लावला. फक्त निरीक्षण, लेखी, त्याच्या सहीशिक्क्यासह. पुढे लागलं तर प्रतिज्ञापत्र. आयोग स्वतःही तपासणीला पाठवू शकतो, पण त्याची फी तुला भरायला सांगू शकतात आणि वेळ जातो.

तिसरं, नोटीस. कायद्याने सक्ती नाही, पण द्यावी. दुकानदार, कंपनी, सर्व्हिस सेंटर तिघांना. दुकानदाराला सोडू नकोस. तो म्हणेल "मी फक्त विकलं". म्हणू दे, पैसे त्याने घेतलेत. भाषा साधी ठेव: अमुक तारखेला घेतला, अमुक तारखांना बिघडला, पंधरा दिवसांत बदलून द्या किंवा ३१,५०० परत करा. शिव्याशाप नकोत, नासलेल्या दुधाचं वर्णनही नको.

आणि दोन वर्षांची मुदत विसरू नकोस. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पत्रव्यवहार करत राहिल्याने ती आपोआप वाढत नाही. "साहेब सुट्टीवर आहेत" यातच लोकांची दोन वर्षं जातात.

---

कडीपत्ता | १७ जून, सकाळी ८.००

आणि ओटीपीचं काय करायचं? तो मुलगा दारात उभा राहून पगार कापतील म्हणतो तेव्हा?

---

टेस्टर | १७ जून, सकाळी ८.४०

मी सांगतो, मी त्या बाजूला होतो. पगार कापतात हे खोटं नाही. बहुतेक पोरं कंपनीची नसतातच, फ्रँचायझीची असतात, कॉलमागे पैसे मिळतात. एकच तक्रार ठरावीक दिवसांत पुन्हा आली की त्या पोराला मार बसतो. म्हणून तो जुन्या तक्रारीखाली न टाकता नवीन तक्रार टाकायला लावतो. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. चहा द्या आणि सांगा: बाबा, ओटीपी संध्याकाळी फोनवर देते, बर्फ धरला की. जॉब शीटवर सही करताना छापील वाक्याखाली स्वतःच्या हाताने लिहा, 'दोष तोच, चौथ्यांदा गॅस भरला, लीक तपासलं नाही'. आणि लगेच फोटो. माझ्या अठरा वर्षांत असं लिहिणारे ग्राहक दहाही भेटले नसतील. त्यातल्या एका आजींना तिसऱ्या दिवशी नवीन फ्रीज गेला होता.

---

ओट्यापाशी | ९ जुलै, रात्री ९.१५

अपडेट. १९१५ वर तक्रार टाकली होती. कंपनीचं उत्तर आलं: 'ग्राहकाच्या तक्रारींवर प्रत्येक वेळी तत्परतेने गॅस चार्जिंग करून देण्यात आले आहे. वॉरंटी कालावधी संपल्याने सशुल्क सेवा देऊ.' प्रत्येक वेळी! पायरीताई, तुमचा अंदाज शब्दशः.

मग एका साहेबांचा फोन. 'सद्भावना म्हणून' घसारा वजा करून १९,००० परत देतो. दुसऱ्या दिवशी २१,०००. आई म्हणते घे आणि सोड.

---

मधली सुट्टी | ९ जुलै, रात्री ९.४०

घ्या. खरंच सांगतो, घ्या.

---

बव्हेरियातला बटाटेवडा | ९ जुलै, रात्री ११.५०

चालला किती दिवस ते मोजा आणि मग घसारा काढायला सांगा!

---

पायरी क्रमांक सात | १० जुलै, सकाळी ७.१५

निर्णय तुझा. मी असते तर घसाऱ्याला नाही म्हटलं असतं. पहिल्या सहा महिन्यांतच बिघडलेल्या वस्तूचा घसारा कसला? पण पैशाची निकड असेल तर घेण्यात कमीपणा नाही. फक्त 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या कागदावर सही करताना समजून कर, त्यानंतर दार बंद.

---

ओट्यापाशी | ११ ऑगस्ट, रात्री १०.००

नाही घेतले. तक्रार दाखल केली, ई-जागृतीवर (आयोगाच्या ऑनलाइन तक्रारींचं संकेतस्थळ). नोंदणीलाच दोन संध्याकाळी गेल्या. पीडीएफ मोठी झाली म्हणून नाकारली, मग शेजारच्या बारावीतल्या मुलाने लहान करून दिली. मी 'तक्रारदार', ते तिघं 'सामनेवाले क्रमांक १ ते ३'. वाचताना कुस्तीचा फड वाटतो.

टेस्टरदादांनी नाशिकरोडच्या त्यांच्या ओळखीच्या एकाचा नंबर व्यक्तिगत निरोपातून दिला होता. त्यांनी येऊन नुसतं पाहून दीड पानी लिहून दिलं. एक पैसा घेतला नाही, फक्त चहा, तोही बिनदुधाचा कारण दूध ठेवायला जागा नाही.

---

हिशेबाची वही | १३ ऑगस्ट, दुपारी १२.१०

तुमचा मसुदा मिळेल का? नाव-गाव खोडून.

---

ओट्यापाशी | १३ ऑगस्ट, दुपारी २.४५

निरोप पाठवलाय. परिच्छेद ४ मध्ये तारखांचा तक्ता आहे, तेवढा तुमच्या डीप फ्रीझरचा घाला. बाकी फारसं बदलावं लागणार नाही.

---

शेवटची लोकल | २७ जानेवारी २०२६, सकाळी १०.२०

धागा वर आणतोय. काय झालं पुढे?

---

ओट्यापाशी | २७ जानेवारी, रात्री ९.३०

अहो, लिहायचंच राहिलं, माफ करा.

दुकानदाराने पहिल्या तारखेला "आम्ही फक्त विकतो" हे तंतोतंत म्हटलं, मला हसूच आलं. कंपनीचे वकील आले, त्यांनी वेळ मागितली. उत्तराला तीस दिवस आणि आयोगाने दिले तर वरचे पंधरा, त्यापुढे नाही, हे पायरीताईंनी आधी सांगितलं होतं म्हणून मी तारीख लिहून ठेवली होती. चव्वेचाळिसाव्या दिवशी उत्तर दिलं त्यांनी! त्यात परत तेच, प्रत्येक वेळी तत्परतेने गॅस भरला. मी सोबत मेकॅनिकचा कागद, पट्टीचा फोटो आणि बर्फाचा फोटो लावलाच होता. त्या कोपऱ्यातल्या बर्फावर सदस्य बाईंनी दोन प्रश्न विचारले, वकिलांना उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मध्यस्थीला जाता का असं विचारलं, दोन्हीकडून हो.

मध्यस्थीत ठरलं: पूर्ण ३१,५०० परत, वर ५,००० त्रास आणि खर्चापोटी. व्याज सोडलं मी. ते बाहेरच सही करून टाकू म्हणत होते, मी आयोगापुढेच नोंदवून घेतलं. नाही पाळलं तर त्याची वसुली करता येते, आणि आदेश मोडणाऱ्याला तुरुंगसुद्धा आहे कायद्यात. पैसे बाविसाव्या दिवशी खात्यात आले, बहिणीच्या नवऱ्याच्या. कार्ड त्याचं ना! त्याने पाच हजारांची पार्टी मागितली आहे.

मधली सुट्टी, तुमचंही बरोबर होतं. चार रजा गेल्या आणि दोन वेळा रडून झालं.

---

मधली सुट्टी | २७ जानेवारी, रात्री ९.५५

अभिनंदन. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्या पोरीला विचार, जुना फ्रीज घेऊन गेले का ते?

---

ओट्यापाशी | २७ जानेवारी, रात्री १०.१०

नाही ना! आदेशात लिहिलंय की पंधरा दिवसांत स्वखर्चाने उचलावा. दोनदा फोन केला, म्हणे गाडी पाठवतो. नवा आला, तो हॉलमध्ये. जुना ओट्याजवळच उभा आहे. आईने त्यात कांदे-बटाटे ठेवायला सुरुवात केली आहे. म्हणते, उंदीर शिरत नाहीत.